व्हिलनव्ह म्हणजे फक्त ड्यून नाही हो
वरच्या कमेंटमध्ये कोणीतरी म्हटलंय की 'ड्यून' सिनेमाचा दिग्दर्शक डेनी व्हिलनव्ह हा सायफायवाला (विज्ञानकथांचे सिनेमे करणारा), हॉलिवूडने घडवलेला. अहो उलटंय सगळं! माणूस कॅनडातल्या फ्रेंचभाषिक क्युबेक प्रांताचा, त्याचा २००० चा 'मेलस्ट्रॉम' बघा, त्यात गोष्ट सांगतो कोण तर सुरीखाली पडलेला एक मासा, इकडे त्याचे तुकडे पडतायत आणि हा आपला बोलतोय, मला तर दोन दिवस सुरमई नकोशी झालेली. त्यानंतर गड्याने जवळजवळ नऊ वर्षं फीचर फिल्मच केली नाही. मग २००९ ला 'पॉलिटेक्निक', माँट्रियलच्या १९८९ च्या हत्याकांडावर, ब्लॅक अँड व्हाइट, तोही फ्रेंच आणि इंग्रजीत वेगवेगळा शूट केलेला. 'इन्सेंडीज' २०१०, ऑस्कर नॉमिनेशन याच सिनेमाला. हॉलिवूड नंतर आलं. इन्सेंडीज बघाच, फक्त जेवताना नको.