नेपाळमधील सेवादौरा : तरुणांनी जावे की मंडळीने मदत पाठवावी?

प्रश्न (सदर, नागपूर)

सर्वांना सलाम. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाने दिवाळीच्या सुट्टीत नेपाळमधील जाजरकोट जिल्ह्यातल्या एका डोंगरी वस्तीत सेवादौरा काढण्याचे ठरविले आहे. ३ नोव्हेंबर २०२३ च्या भूकंपात त्या भागातली दगडमातीची घरे मोठ्या संख्येने कोसळली आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. तेथील एका लहान मंडळीशी आमच्या पाळकसाहेबांचा परिचय आहे. शाळेची एक खोली बांधण्यास हातभार लावावा, मुलांसाठी गाणी व खेळ घ्यावेत, एक औषधशिबिर करावे आणि जमल्यास शुभवर्तमानाच्या पत्रिका वाटाव्यात, असा बेत आहे. महिला संघाने निधीसाठी पदार्थविक्रीही सुरू केली आहे. मात्र मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले की, प्रवासावर खर्च होणारी रक्कम त्या वस्तीच्याच कामी आली तर बरे नाही का? तरुणांचा उत्साह खरा आहे आणि तो मोडू नये असे मनापासून वाटते, पण या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (निवृत्त स्थापत्य अभियंता, धंतोली)

मी फक्त बांधकामाविषयी लिहितो. भूकंपप्रवण डोंगरात शाळेची खोली बांधणे हे हौशी हातांचे काम नाही. दगडाच्या भिंतीत दारे-खिडक्यांच्या वरून चारही बाजूंनी सलग आडवा पट्टा हवा, कोपऱ्यांत आणि भिंतीच्या जोडांत दगड एकमेकांत नीट गुंतलेले हवेत, आणि भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या थरांना बांधून ठेवणारे लांब दगड ठरावीक अंतरावर यायला हवेत. हे लांब दगड राहून गेले तर भिंत बाहेरून देखणी दिसते, पण हादरा बसताच तिचे दोन थर फुगून वेगळे होतात आणि आत बसलेल्या मुलांवर कोसळतात. २०१५ च्या गोरखा भूकंपानंतर नेपाळ सरकारने घरबांधणीसाठी ३ लाख नेपाळी रुपयांचे अनुदान तीन हप्त्यांत दिले आणि पुढचा हप्ता तपासणीनंतरच मिळेल अशी अट घातली. त्या काळात तेथे हजारो गवंड्यांना अशा बांधणीचे प्रशिक्षण मिळाले. ही विद्या त्यांच्याजवळ आहे, अडचण मजुरीच्या पैशाची आहे. आपल्या मुलांनी माती कालवावी, दगड वाहावेत, यात काही वावगे नाही, परंतु त्यापायी स्थानिक मजुराचा रोजगार बुडता कामा नये.

उत्तर (परिचारिका, मिशन रुग्णालयातील सेवेचा अनुभव)

औषधशिबिराचा विचार सोडून द्यावा, असे मी स्पष्टच सांगते. परदेशी डॉक्टरांना तेथे रुग्ण तपासण्यासाठी नेपाळच्या वैद्यकीय परिषदेची नोंदणी लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रक्तदाब असलेल्या एखाद्या आजीला पंधरा दिवसांच्या गोळ्या देऊन आपण परतलो, तर सोळाव्या दिवशी तिने कोणाकडे जावे? नेपाळमध्ये कोणी काही करीतच नाही, असा समजही बरोबर नाही. युनायटेड मिशन टू नेपाळ ही ख्रिस्ती सेवासंस्था १९५४ पासून तेथे आहे आणि तानसेन या गावाचे रुग्णालय त्याच कामातून उभे राहिले. काठमांडूतील तिलगंगा नेत्रसंस्था १९९४ पासून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया अल्प खर्चात करीत आली आहे आणि डोळ्यांत बसवायची भिंगे स्वतः तयार करते. वस्तीतील रुग्णांना जवळच्या आरोग्यचौकीपर्यंत किंवा रुग्णालयापर्यंत नेण्याचा खर्च मंडळीने वर्षभर उचलला, तर तो अधिक कामी येईल.

आपण नागपूरकरांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये येथे आले आणि १८६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच राहिले. शाळा चालविली, गोंड लोकांची भाषा व चालीरीती परिश्रमपूर्वक नोंदविल्या. एवढे राहणे आपल्या तरुणांना शक्य नाही हे उघड आहे, पण वर्षानुवर्षे त्याच वस्तीशी नाते ठेवणे मंडळीला निश्चित शक्य आहे.

उत्तर (वकील, सीताबर्डी)

पत्रिका अजिबात नेऊ नका. नेपाळच्या २०१५ च्या संविधानातील अनुच्छेद २६ दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई करतो, आणि २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद व ५० हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे. औषध किंवा वही देताना सोबत पत्रिका दिली, तर ते आमिष ठरविले जाऊ शकते. आपण गोरखपूरची गाडी पकडून घरी येऊ. पोलिसांच्या चौकशीला तोंड देत बसेल ती तेथील लहानशी मंडळी. त्यांच्यासोबत उपासनेला बसा, पण ती बहुधा शनिवारी असेल, कारण तेथे साप्ताहिक सुट्टी त्या दिवशी असते.

मंडळीच्या न्यासाच्या निधीबाबतही आधी लेखापरीक्षकांचा सल्ला घ्या, कारण भारताबाहेर केलेल्या खर्चामुळे धर्मादाय न्यासाच्या करसवलतीवर परिणाम होऊ शकतो. मुलांची छायाचित्रे आईवडिलांच्या संमतीशिवाय कोठेही टाकू नका, आणि कोणी अनाथालयाच्या भेटीचा आग्रह धरला तर नम्रपणे नकार द्या. नेपाळमधील अशा संस्थांतील पुष्कळ मुलांचे आईवडील हयात असतात, आणि पाहुण्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेला मुले घरी परत जाणे सोयीचे नसते.

आणखी एक, दिवाळी म्हणजे तेथील तिहार. त्या दिवसांत शाळा बंद असतात आणि भात व नाचणीच्या कापणीची घाई असते. ज्या घरातली बाई पहाटेपासून शेतात आहे, तिच्यावर परक्या पाहुण्यांचा स्वयंपाक टाकणे योग्य होणार नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. कापणीचा विचार आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नव्हता. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांशी बोललो. शिबिर आणि पत्रिका रद्द झाल्या आहेत. तुम्हाला काय हवे आहे आणि केव्हा आलेले चालेल, एवढेच विचारणारे पत्र तेथील मंडळीला आज पाठवीत आहोत; त्यांनी बोलावले तर आधी दोघेच जण जाऊन शाळेच्या व्यवस्थापन समितीला भेटतील. धंतोलीच्या साहेबांना विनंती आहे की, गवंड्यांशी बोलताना काय पाहावे आणि काय विचारावे, याची टिपणे आमच्या मुलांना एखाद्या संध्याकाळी समजावून द्यावीत.