मदत हवी आहे: मिठागरातला चिखल उकळला तरी फेसाळतो, मग त्यात जीव आहे हे दाखवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

मी गोव्यात तिसवाडीतल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवतो. गणेश चवथीच्या सुट्टीनंतर विज्ञान प्रदर्शन आहे. नववीच्या चार मुलांनी विषय घेतलाय, 'परग्रहावर जीव असला तर तो ओळखायचा कसा?' विषय त्यांचा त्यांनीच शोधला, म्हणून तो कसाबसा उरकायला मन तयार नाही.

मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, आम्ही रायबंदरच्या मिठागरातून चिखल आणला आणि मीठ धरतं त्या शेवटच्या कप्प्यातलं पाणीही. पाण्याला गुलाबी झाक होती. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, मीठ खाली बसू लागतं तेव्हा ते नऊपटीच्या आसपास गेलेलं असतं. आणि तरीही त्यात जगणारे सूक्ष्मजीव आहेत! मुलांना मी सांगितलं की २००८ साली फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट क्षार सापडले, ते पाण्याचा गोठणबिंदू खूप खाली नेतात. म्हणजे तिथे आज कुठे द्रवरूप पाणी टिकत असेल तर ते असंच कडक खारं असणार. तेव्हापासून मिठागर म्हणजे त्यांचा मंगळ झालाय.

अडचण इथून सुरू होते. चमचाभर चिखलावर मेडिकलमधून आणलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं. हवेत जगणाऱ्या बहुतेक पेशींत कॅटलेज नावाचं विकर असतं, ते पेरॉक्साइड फोडून ऑक्सिजन सोडतं. भरपूर फेस आला, मुलं खूश. मग तोच चिखल अर्धा तास उकळून, थंड करून पुन्हा पेरॉक्साइड ओतलं. कॅटलेज मेलेलं असायला हवं होतं. फेस थोडा कमी, पण आलाच. एक मुलगी म्हणाली, "सर, हें अजून मेलें ना!" (म्हणजे अजून मेलं नाही.)

मला वाटतं ते मेलंय, फेस दुसऱ्याच कशाचा आहे. मांडवी नदीतून कित्येक वर्षं खनिजाच्या बार्जी गेल्या, तिच्या गाळात लोह आणि मँगनीज आहे. मँगनीज डायऑक्साइड तर पेरॉक्साइड झटकन फोडतं, शाळेत ऑक्सिजन तयार करताना आपण तेच वापरतो.

रात्री बसून १९७६ च्या व्हायकिंग यानांबद्दल वाचलं आणि अंगावर काटा आला, कारण तिथेही असाच पेच पडला होता. मंगळाच्या मातीत किरणोत्सारी कार्बन घातलेलं पोषक द्रव टाकलं, लगेच वायू सुटला. माती १६० अंशांवर तीन तास तापवून पुन्हा टाकलं तर सुटला नाही. म्हणजे जीवच! पण त्याच यानावरच्या दुसऱ्या उपकरणाला मातीत सेंद्रिय पदार्थ मिळाले नाहीत, आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी ती मातीतल्या ऑक्सिडीकारक रसायनांची करामत मानली. तो प्रयोग रचणारे गिल्बर्ट लेव्हिन २०२१ साली वारले, तोवर 'तो जीवच होता' यावर ठाम होते. त्यांच्याकडे तापवलेली माती गप्प बसली तरी वाद मिटला नाही, आमची तर गप्पही बसत नाही.

तर जाणकारांनो, फेसावर अवलंबून नसलेली, शाळेत करता येईल अशी कुठली परीक्षा आहे? सूक्ष्मदर्शक आहे, पण साधा. हाताशी जेमतेम पाच आठवडे आहेत.

प्रतिसाद १

सर, आधी उकळण्याऐवजी कुकरमध्ये वीस मिनिटं ठेवा, म्हणजे 'नीट मेलं नव्हतं' ही शंका संपेल. शेजारी मँगनीजच्या दगडाची पूड ठेवून तीवरही पेरॉक्साइड ओता. निर्जीव दगड फेसाळताना बघणाऱ्यांनी पाहिलाच पाहिजे, ती बाटली लपवू नका.

खरी परीक्षा मात्र वाढीची. रसायन वापरलं की संपतं, जीव वाढतो. व्हायकिंगमध्येही पोषक द्रव दुसऱ्यांदा टाकलं तेव्हा नवा वायू सुटला नाही, तिथेच जीवाची बाजू लंगडी पडली. तुम्ही लिटरला २५० ग्रॅम जाडं मीठ घालून पाणी उकळा, त्यात सुक्या बांगड्याचा गाळलेला अर्क थोडासा टाका. (खारवलेली मासळी कधीकधी लाल पडते, ती खाऱ्या पाण्याला गुलाबी करणाऱ्या याच जातीच्या जीवांमुळे. तेव्हा खाणं त्यांच्या आवडीचं आहे.) या ९० मिलिलिटरमध्ये गुलाबी पाणी १० मिलिलिटर, तोंडाला कापूस, आणि बाटली उबदार उजेडात. रंग चढला की त्यातलं १० नव्या ९० मध्ये. प्रत्येक वेळी मूळ गाळ दहा पट विरळ होतो. तरीही रंग तितकाच गडद परत आला तर तो गाळाचा नाही. सोबत हेच गुलाबी पाणी कुकरमध्ये तापवून घातलेली जोड बाटली हवीच.

धागाकर्ता

दहा पट विरळ! हे गणित मुलांना फळ्यावर मांडता येईल. पाच आठवड्यांत दोनच फेऱ्या जमतील असं दिसतंय, म्हणजे शंभर पट. तेवढं पुरेल का?

प्रतिसाद १

दोन पुरतील, पण घाईने रंग 'दिसवू' नका. हे जीव सावकाश वाढतात, पंधरा दिवस काहीच दिसलं नाही तरी बाटली हलवू नका. आणि फलकावर 'जीव सापडला' लिहू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये पर्सिव्हरन्स या मंगळावरच्या गाडीला खडकात सापडलेल्या ठिपक्यांबद्दल नासाने जाहीर केलं, त्यात व्हिव्हियनाइट आणि ग्रेगाइट ही खनिजं आहेत असं दिसतं. पृथ्वीवर ती चिखलात जीवांच्या मदतीनेही बनतात. तरी त्यांनी शब्द वापरले 'संभाव्य जैवखूण' एवढेच. मुलांनाही तेच शब्द द्या.

धागाकर्ता

दिले. त्यातल्या एकीने विचारलं की दुसऱ्या फेरीतही रंग आला तर 'संभाव्य' खोडता येईल का. मी म्हटलं, जोड बाटली बिनरंगाची राहिली तर खोड. उद्या सकाळी कुकर लावतोय. बांगड्याच्या अर्काचं प्रमाण कुणी नेमकं सांगितलं तर बरं होईल.