वसाहतींतल्या सैनिकांवरचे युद्धपट सुचवा (सोसायटीत दाखवायचे आहेत)

ऐरोली_सेक्टर८

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये महिन्यातून एका शनिवारी प्रोजेक्टर लावून सिनेमा दाखवतो. निम्मे प्रेक्षक ज्येष्ठ नागरिक, बाकी कॉलेजची पोरं आणि सामोशांसाठी येणारे. मागच्या खेपेला 'डंकर्क' लावला. संपल्यावर एका आजोबांनी विचारलं, "यात आपले खेचरवाले कुठायत?" घरी जाऊन शोधलं. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या खेचर तुकड्या १९३९ च्या डिसेंबरात मुंबईहून फ्रान्सला गेल्या होत्या आणि त्यातले जवान १९४० मध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावरही होते. पडद्यावर एक नाही.

तर साहेबाच्या किंवा फ्रेंचांच्या फौजेत लढले, पण ज्यांना दुय्यम वागणूक मिळाली, अशा सैनिकांवरचे चांगले सिनेमे सांगा. वॉचमन दहाला दिवे घालवतो, त्यामुळे फार लांबलचक नको. दर दहा मिनिटांनी घोषणा देणाराही नको, ते आम्ही टीव्हीवर बघतो.

खारकर_आळी_निवृत्त

माझी सगळी नोकरी पेन्शनच्या फायलींत गेली. त्यामुळे युद्धपट बघताना माझं लक्ष बंदुकीपेक्षा पगारपत्रकाकडे असतं. बायको म्हणते तुम्हाला सिनेमा बघता येत नाही. असेल. पण तुम्ही विचारताय त्या विषयातले चांगले सिनेमे नेमके तिथेच चांगले आहेत: ताटात काय पडलं, रजा कुणाला मिळाली, हातात किती टेकवले.

पहिला लावा 'अँदिजेन', २००६ चा, दिग्दर्शक रशीद बुशारेब. इंग्रजीत 'डेज ऑफ ग्लोरी' नावाने मिळेल. अल्जीरिया-मोरोक्कोची पोरं फ्रान्स सोडवायला निघतात, ज्या फ्रान्सची जमीन त्यांनी कधी पाहिलेली नाही. बोटीवर जेवणाची रांग आहे. गोऱ्यांना ताजे टोमॅटो वाढतात आणि आफ्रिकन शिपाई पुढे आला की वाढपी हात आखडतो. अब्देलकादर नावाचा कॉर्पोरल ते टोमॅटो बुटाखाली चिरडतो. कुणालाच नको, मग. पुढे डोंगर चढतात, मरतात, आल्साससाठी लढतात, पण मला विचाराल तर लढाई त्या टोमॅटोच्या पेटीपाशीच सुरू होते. एकाचं मार्सेच्या मुलीशी जुळतं, तर त्याची पत्रं सेन्सॉरवाले पुढे जाऊच देत नाहीत. ती तिकडे वाट बघते, हा इकडे समजतो विसरली. कान महोत्सवात यातल्या पाच नटांना मिळून अभिनयाचं पारितोषिक मिळालं.

आता माझ्या खात्याची गोष्ट. १९५९ मध्ये फ्रान्सने कायदा करून जुन्या वसाहतींतल्या माजी सैनिकांची पेन्शन गोठवली. वसाहती स्वतंत्र होत गेल्या आणि यांची रक्कम तिथेच थिजली. शेजारी लढलेल्या फ्रेंच शिपायाची मात्र वाढत राहिली. आपल्याकडे महागाई भत्त्याचा एक हप्ता लांबला तर बँकेच्या रांगेत दंगा होतो, इथे चाळीस-पंचेचाळीस वर्षं काहीच नाही. राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी हा सिनेमा पाहिला आणि २००६ मध्येच रक्कम बरोबरीला आणायची घोषणा झाली. सुमारे ८०,००० माजी सैनिकांचा प्रश्न होता. थकबाकी दिली नाही, हेही लिहून ठेवतो. फाइल बंद करण्याची ही पद्धत मला चांगली ठाऊक आहे.

दुसरा, याहून कडवट, 'कां द थियारोय', १९८८. उस्मान सेंबेन आणि थिएर्नो फाती सो यांचा. सेंबेन स्वतः फ्रेंच फौजेत शिपाई होता, ते जाणवतं. जर्मनांच्या कैदेतून सुटलेले पश्चिम आफ्रिकी शिपाई डाकारजवळच्या छावणीत हिशेबाची वाट बघत बसलेत. अंगावरचे चांगले कपडे काढून घेऊन पुन्हा लाल टोपी देतात. मग पैसे बदलून द्यायची वेळ येते तेव्हा भाव निम्मा लावतात! पोरं जनरललाच अडवून ठेवतात, तो शब्द देतो, सुटतो, आणि पहाटे छावणीवर रणगाडे चालून येतात. ही घटना खरी, १ डिसेंबर १९४४ ची. मेले किती यावर अजून वाद आहे: आधी सरकारी आकडा ३५, मग २०१४ मध्ये फ्रेंच अध्यक्षांनीच किमान ७० म्हटलं. सिनेमा अडीच तासांचा आणि संथ आहे, वॉचमनशी बोलून घ्या.

'ग्लोरी' (१९८९) वसाहतीचा नाही, अमेरिकन यादवीतल्या काळ्या पलटणीचा आहे. पण गोऱ्याला १३ डॉलर, यांना १०, असा पगाराचा प्रसंग झकास आहे. पोरांना आवडेल.

माणगाव_ते_मानपाडा

काका, तुमचं पगारपत्रक वाचून मजा आली. आमचं गाव माणगावकडचं. नाईक यशवंत घाडगे त्याच तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४, इटलीत टायबरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे पडले. हा बावीस वर्षांचा पोरगा एकटा मशिनगनवर धावला. मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून शेवटच्या दोघांना दस्त्यानेच मारलं, आणि मग लपलेल्या शत्रूची गोळी लागली. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावात त्यांच्या नावाने सनडायल उभारलं. आणि आमच्याकडे? एसटीतून जाताना माणगावात पुतळा दिसतो, तेवढाच. सिनेमा काढा ना कुणीतरी!

दुसरं, घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी "बसऱ्याला गेला" असं असायचं. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होत्या, कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांवर मृतांची नोंद आहे. पण अधिकाऱ्यांची नावं कोरली, हिंदी शिपायांची पलटणीप्रमाणे फक्त संख्या. म्हणजे आमचा माणूस तिथे आहे, पण एका आकड्यात.

पारसिक_स्लो

घाडग्यांवर सिनेमा काढतील हो. नायक इंग्रज अधिकाऱ्याच्या डोळ्यात डोळे घालून भारतमातेवर संवाद म्हणेल आणि मध्यंतराआधी लावणी. तो कुणाच्या फौजेत होता, हे सांगायची लाज वाटते ना आपल्याला. पहिल्या महायुद्धात शिपायाला महिना ११ रुपये होते आणि घरी खाणारी तोंडं होती, हे पडद्यावर कोण सांगणार?

आणि भेदभाव फक्त गोऱ्याचा दाखवून भागणार नाही. १८९२ मध्ये महारांची भरतीच बंद केली, तेव्हा काही जातीच लढाऊ, बाकीच्या नाहीत, हे 'लढाऊ जाती'चं शास्त्र साहेबाचं होतं, पण शिवाशिव कुणाची होती? गोपाळबाबा वलंगकर, महाडजवळच्या रावढळचे, स्वतः पलटणीतून निवृत्त. त्यांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करा म्हणून अर्ज तयार केला. युद्ध आलं तशी १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली, पुन्हा युद्ध आलं तशी १९४१ मध्ये महार रेजिमेंट. यावर कुणी काढला तर मी तिकीट काढून बघेन. ब्लॅकनेसुद्धा.

खारकर_आळी_निवृत्त

पारसिक, बरोबर बोललात. लावणीचं सोडून. लावणी चांगली असेल तर असू दे.

ऐरोलीकर, ठाण्यातलाच एक विषय सांगतो. फेब्रुवारी १९४६ चं नाविकांचं बंड. कुलाब्याच्या 'तलवार' तळावर १८ तारखेला सुरुवात झाली ती निकृष्ट जेवण आणि वरिष्ठाच्या शिवीगाळीवरून. मागण्यांत गोऱ्या नाविकांइतका पगार होता. पाच दिवसांत ७८ जहाजं आणि २० तळ यात आले, आणि त्यातला 'अकबर' हा तळ आपल्या ठाण्यातला. मोठ्या बॅनरला हे का दिसत नाही कळत नाही. यात डाळ आहे, पगार आहे, शिवी आहे, बंदरात तोफा रोखलेल्या आहेत. खलनायकसुद्धा आयता मिळतो.

ऐरोली_सेक्टर८

सगळ्यांचे आभार. या शनिवारी 'अँदिजेन' पक्का, साडेसातला सुरू केला तर दहाच्या आत उरकतो. थियारोयसाठी कमिटीकडे अकरापर्यंतची परवानगी मागितली आहे, सेक्रेटरी म्हणतात आधी मेंटेनन्सची थकबाकी भरा. खारकर आळीकाका, तुम्ही या आणि सिनेमानंतर पाच मिनिटं पेन्शनवर बोला. पाचच हं. आमचे ज्येष्ठ नागरिक एकदा त्या विषयावर सुरू झाले की आवरत नाहीत. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने ऐरोलीला उतरा, स्टेशनवरून मी घेतो.

पारसिक_स्लो

सामोसे कुठले असतात?