‘क्रीज पॅटर्न’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: नाशिकमधील आमच्या शाळेच्या ओरिगामी वर्गासाठी मी मराठीत टिपणे तयार करीत आहे. कागद पूर्ण उलगडल्यावर त्यावर दिसणाऱ्या सर्व रेषांची आकृती, म्हणजे ‘क्रीज पॅटर्न’, हिला एका सहशिक्षिकेने ‘घडीकृती’ हा शब्द सुचवला आहे. तो योग्य ठरेल का?

उत्तर १: ‘कृती’ हा शब्द टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कृती म्हटले की आधी काय व नंतर काय, हा क्रम आलाच. या आकृतीत तो नसतो. ‘घडी’विषयीही थोडे सांगायला हवे. येवल्याच्या पैठणीची आपण घडी घालतो आणि ती पहिल्यांदा नेसताना घडी मोडतो. म्हणजे घडी ही दुमडून झालेली अवस्था आहे, आणि कागदावर उमटते ती दुमडीची रेषा. म्हणून ‘दुमडरेषा’ आणि त्यांचा ‘दुमड-आराखडा’ हे शब्द मला अधिक नेमके वाटतात.

‘आराखडा’ म्हणण्याचे कारण रचनाकाराच्या पद्धतीत आहे: कागद दुमडण्याआधीच तो ही आकृती आखतो. रॉबर्ट लँग आणि तोशियुकी मेगुरो या ओरिगामी रचनाकारांनी विकसित केलेल्या वर्तुळपद्धतीत मुंगी करायची असेल, तर प्रथम तिचे काडीचित्र काढतात. मग प्रत्येक पायासाठी आणि मिशीसाठी तिच्या लांबीइतक्या त्रिज्येचे वर्तुळ चौकोनी कागदावर असे मांडतात, की वर्तुळे एकमेकांवर चढणार नाहीत आणि त्यांचे केंद्रबिंदू कागदातच राहतील. कोपऱ्यात केंद्र ठेवले तर पाव वर्तुळाइतकाच कागद खर्ची पडतो. एकमेकांना टेकलेल्या वर्तुळांची केंद्रे जोडली की मुख्य दुमडरेषा मिळतात. उरलेल्या त्यानंतर भरतात. लँग यांच्या ‘ट्रीमेकर’ या संगणकप्रणालीत ही मांडणी गणिताने केली जाते.

उत्तर २: ‘आराखडा’ मान्य आहे, परंतु ‘नकाशा’ही चालावा, घर उभे राहण्यापूर्वीच त्याचा नकाशा मंजुरीला जातो. रेषांच्या दोन जातींना, वर उठणारीला ‘डोंगरदुमड’ आणि खाली दबणारीला ‘दरीदुमड’, ही नावे मुलांना लगेच उमगतात. सपाट मिटणाऱ्या रचनेत कागदाच्या आतील कोणत्याही छेदनबिंदूपाशी या दोहोंच्या संख्येत २ चाच फरक असतो, हा माएकावा यांचा नियम. तसेच तेथील एकाआड एक कोनांची बेरीज १८० अंश येते, हा कावासाकी यांचा.

उत्तर १: ‘दुमडनकाशा’ मलाही मान्य आहे. टिपणांत पायरीपायरीच्या चित्रांना मात्र ‘कृतिचित्रे’ असे वेगळे नाव द्यावे.