जमीन तापली की पाऊस?

‘जमीन तापते, समुद्रावरून वारं येतं, पाऊस पडतो, हे पाचवीच्या पोरालाही ठाऊक, सुलोचना गाडगीळांनी वेगळं काय सांगितलं?’ असं मान्सूनच्या या अभ्यासक बाईंबद्दल एकानं विचारलंय. अहो, नेमकं हेच तर त्यांनी खोडलं. आमच्या आटपाडीत दुष्काळाच्या साली येऊन बघा. ऐन श्रावणात दुपारी ढेकळावर अनवाणी पाय ठरत नाही. जमीन एवढी तापलेली, मग पाऊस कुठं दडी मारतो? बाईंचा मुद्दा तोच होता: जमीन सर्वांत जास्त तापते मे महिन्यात, भर पाऊस मात्र जुलैत, आणि कमी पावसाच्या वर्षी ती उलट जास्तच गरम असते. १९८० साली हवामानशास्त्रज्ञ डी. आर. सिक्का यांच्यासोबत उपग्रहाची छायाचित्रं तपासून त्यांनी दाखवलं की विषुववृत्ताजवळचा ढगांचा पट्टा पावसाळ्यात उत्तरेकडं आपल्या जमिनीवर सरकतो, तोच मान्सून.

बाई हार्वर्डला शिकल्या म्हणून ‘हार्वर्डवाल्यांना शेतीतलं काय कळतंय’ असा टोमणाही कुणी मारला, तो मात्र पटला नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत असताना त्यांनी कर्नाटकातल्या पावगड भागातल्या कोरडवाहू भुईमुगाची पेरणी कधी करावी, यावर शेतकऱ्यांबरोबर बसून काम केलंय. त्याची किंमत मला विचारा. मागं एकदा मृगाच्या पहिल्याच सरीवर बाजरी टाकली, पुढं तीन आठवडे थेंब नाही. दुबार पेरणी, बियाणं उसनवारीचं. शेजारचे आबा आर्द्रापर्यंत गप्प बसले होते, त्यांची कणसं हातभर.