भाचीला बायोडिफेन्समध्ये एमएस करायचंय. जमीन तारण ठेवावी का?

रहिमतपूरचा मामा
भाची साताऱ्यात मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करतेय. आता म्हणते, व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात बायोडिफेन्सचं एमएस करायचं. दाजींनी विचारलं, "म्हणजे मिलिटरीत?" तर नाही. साथ आपोआप आली, प्रयोगशाळेतून निसटली की कुणी मुद्दाम सोडली, हे कसं ओळखायचं आणि सरकारने तयारी काय ठेवायची, असा तो अभ्यास. परीक्षानळीपेक्षा धोरणच जास्त.

माझं मत: नको. तिकडच्या संरक्षण खात्याशी जोडलेल्या बऱ्याच नोकऱ्यांना सिक्युरिटी क्लिअरन्स (गुप्त कामासाठीची सरकारी परवानगी) लागतो आणि तो सहसा त्यांच्याच नागरिकांना मिळतो. दीड एकर बागायत तारण ठेवून शिकायचं आणि दारातूनच परत यायचं?

पेठनाका
जमीन नको. बाकी काहीही करा.

शिरवळची गुरांची डॉक्टर
मामा, क्लिअरन्सचं बरोबर आहे. पण हा विषयच परका समजू नका. २०२२ मध्ये गुरांना लम्पी (अंगावर गाठी येणारा विषाणूचा रोग) आला तेव्हा मी गोठ्यागोठ्यात लस टोचत फिरत होते. तीही शेळ्यांच्या देवीची, कारण लम्पीची आपली लस अजून हातात नव्हती. गुरांचे बाजार कधी बंद करायचे, गाड्या कुठे अडवायच्या, मेलेलं जनावर किती खोल पुरायचं... हे सगळं बायोसिक्युरिटीच. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूविरोधी प्रतिपिंडं (म्हणजे विषाणू शरीरात येऊन गेल्याची खूण) पुण्याच्या एनआयव्हीला, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेला सापडली, ते २०२१ मध्ये छापून आलं. तेव्हा लोक मला विचारत होते, स्ट्रॉबेरी खायची का! प्रतिपिंडं सापडणं म्हणजे साथ नव्हे, हे समजावून सांगणारं माणूस तालुक्याला एक तरी हवं की नको?

द्राक्षवाला, तासगाव
हवं ना. पण ते व्हर्जिनियातून कशाला आणायचं? पिकांवरचे दावण्या, तेल्या हे रोग, २०१८ ला आलेली अमेरिकन लष्करी अळी, हे आम्ही डिग्रीशिवाय भोगलंय. आमच्याकडं पशुवैद्यकाची जागा रिकामी, तिथं धोरणाचा डॉक्टर काय करणार?

आणि हा धंदा भीतीवर चालतो. २००१ मध्ये अमेरिकेत टपालानं अँथ्रॅक्सची (जीवघेण्या जिवाणूची) पाकिटं आली, पाच माणसं मेली. मग अब्जावधी डॉलर ओतले. एफबीआयनं शेवटी बोट ठेवलं कुणावर? लष्कराच्याच जैवसंरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञावर. खटला उभा राहायच्या आधीच तो वारला. राखणदार वाढवले की चोर कमी होतात असं नाही.

मिरज जंक्शन
द्राक्षवाले, तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय. राखणदारावर नजर कोण ठेवणार, हाच तर तो अभ्यास! १९७९ मध्ये रशियातल्या स्वेर्दलोव्स्क शहरात सोव्हिएत लष्कराच्या कारखान्यातून अँथ्रॅक्स हवेत गेला. किमान ६६ माणसं दगावली. सरकारनं खापर फोडलं खराब मांसावर, म्हणजे बिचाऱ्या खाटकांवर. रशियाचे अध्यक्ष येल्त्सिननी १९९२ मध्ये कबूल केलं. मग बाहेरच्या शास्त्रज्ञांनी मेलेली माणसं त्या दिवशी कुठं होती ते नकाशावर मांडलं, आणि ते ठिपके वाऱ्याच्या दिशेनं सरळ एका पट्ट्यात आले. अशी माणसं तयार करावी लागतात. जैविक शस्त्रबंदीचा करार १९७५ पासून लागू आहे, भारतही त्यात आहे, पण कोण पाळतो ते तपासायला यंत्रणाच नाही.

घरचंच बघा. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात एका कुटुंबापासून कोरोनाचे रुग्ण वाढत गेले, तेव्हा प्रशासनाच्या हातात साथीचा कायदा होता १८९७ चा. प्लेगचा!

द्राक्षवाला, तासगाव
आणि त्याच जुन्या कायद्यावर इस्लामपूर आटोक्यात आलं. घरोघरी फिरल्या त्या आशाताई. त्यांना आधी मानधन वेळेवर द्या, मग एमएस.

शिरवळची गुरांची डॉक्टर
आशाताईंचं शंभर टक्के. पण कुठल्या घरी आधी जायचं ते कुणीतरी ठरवलंच असेल ना?

मामा, तिला दोन वर्षं इकडेच साथरोगाच्या कामात घाला. मग स्कॉलरशिप मिळाली तर जाऊ दे. कर्जावर नको, एवढं मात्र तुमच्या बाजूनं.

रहिमतपूरचा मामा
भाचीला सगळं वाचून दाखवलं. द्राक्षवाल्यांवर चिडली आहे. तिचं म्हणणं, पशुवैद्यकाची जागा रिकामी राहते तेही धोरणच. जमिनीबद्दल मात्र काही बोलली नाही. डॉक्टरबाई, तुमचा नंबर मागतेय, व्यनि (खासगी निरोप) केलाय.