गोड्या पाण्यातली बुडालेली जहाजं बघायला ग्रुपने जायचंय, कोणी गेलंय का?

देवगडचा_डायव्हर: नमस्कार मंडळी. आम्ही मालवण-देवगड साईडचे सहा जण, दरवर्षी पावसात इथलं डायव्हिंग बंद झालं की नुसते घरात बसून भजी खातो, म्हणून पुढच्या ऑगस्टात कॅनडात टोबरमोरीला जायचं डोक्यात आलंय. ह्युरॉन लेकमधलं फॅदम फाइव्ह पार्क, तिथे वीसहून जास्त जुनी जहाजं पाण्याखाली आहेत. चौघांचं ओपन वॉटर (डायव्हिंगचा पहिला सर्टिफिकेट कोर्स) झालंय, दोघांनी तारकर्लीत फक्त ट्रायल डाइव्ह (इन्स्ट्रक्टरने धरून नेलेली) केलीय (फोटो मात्र दोनशे). आपला ५ एमएमचा वेटसूट (आत पाणी शिरतं तो रबरी सूट) चालेल ना? आणि खाली जायला कमरेला शिशाचं वजन किती लावायचं?

थंडपाणी: ५ एमएम घरीच ठेव. मी दोन वर्षांपूर्वी गेलेलो, वर पाणी बरं वाटतं, मग थर्मोक्लाइनच्या (जिथे पाणी एकदम गार होतं त्या थराच्या) खाली गेलो आणि कपाळावर कोणी बर्फाची लादी ठेवल्यासारखं झालं. खोलवर ४-५ अंश असतं रे, आपण इथे २८ अंशात पोहणारी माणसं! ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा, हवा भरलेला सूट) लागणार आणि तो आधी शिकून घ्यावा लागतो, तिथे जाऊन पहिल्यांदा घालायचा नाही. रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र) पण थंड पाण्याचाच भाड्याने घ्या, साधा असेल तर आत बर्फ धरतो आणि हवा धो धो सुटत राहते.
वजनाचं म्हणशील तर गोडं पाणी हलकं, माणसाला कमी तरंगवतं, त्यामुळे सामानासकट १०० किलोच्या माणसाला साधारण अडीच किलो कमी लागतं. पण खूश होऊ नका, ड्रायसूट एवढा तरंगवतो की तेवढं सगळं परत कमरेला बांधावं लागतं वर आणखी थोडं. पहिल्या दिवशी किनाऱ्याजवळ वजन तपासा मगच बोटीत चढा.

मालवणी_बाणो: माका एक सांगा, आपल्याकडे लाकडी बोट बुडली तर थोड्या वर्षांत तिचो सांगाडो पण रवणा नाय, मग थय शंभर-दीडशे वर्षांची कशी काय रवली?

थंडपाणी: आपल्या खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा शिंपल्याच्या जातीचा जीव असतो ना जो होडीचा तळ चाळण करतो, तो गोड्या पाण्यात जगत नाही. त्यात थंडी, म्हणून कुजणंही मंद. स्वीपस्टेक्स म्हणून शिडाचं जहाज आहे, १८८५ ला बुडालं, बिग टब हार्बरमध्ये जेमतेम ६ मीटरवर. नांगर ओढायचा रहाट अजून पुढच्या बाजूला जागेवर आहे, मी त्याच्यासमोर लोंबकळत बघतच राहिलो, हवा किती उरली ते बघायचं पण विसरलो. फक्त हात लावायचा नाही, काही उचलायचं तर नाहीच. शेजारीच सिटी ऑफ ग्रँड रॅपिड्स, ते १९०७ ला जळालं. काचेच्या तळाच्या बोटीतून पण ही दोन्ही दिसतात. अरेबिया हे तिथलंच आणखी एक जहाज मात्र ३० मीटरच्या खाली आहे, नुसत्या ओपन वॉटरवर तिचं नावच काढू नका, तुमची मर्यादा १८ मीटर.

सिंधुदुर्गची_लेक: ट्रायलवाल्या दोघांना आधी सर्टिफिकेट काढायला लावा, ट्रायल कुठेच धरत नाहीत. डाइव्हच्या आधी पार्ककडे नोंदणी करावी लागते हेही लक्षात ठेवा. आणि शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमान नाही, टोरोंटोपर्यंत चारेक तास गाडी आहेच, तरी एक दिवस मोकळा सोडाच. व्हिसाला आत्ताच लागा.

देवगडचा_डायव्हर: धन्यवाद सगळ्यांना. त्या दोघांना लगेच फोन केला. एकजण म्हणतोय, काचेच्या बोटीतून दिसतं तर मग पाण्यात उतरायचंच कशाला.